चौथा प्रश्न

इंदू कोतपल्लीवार परीक्षेच्या सुट्टीत नागपूरहून चांद्याला आली, तेव्हा तिच्या वडिलांच्या, बापूजींच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस समोर आला की आकारावरून आणि आवाजावरून ते ओळखायचे, पण कागद वाचता येत नसे. त्यांनी आयुष्यभर वकिली केली होती आणि अजून सोडली नव्हती. आधी मुन्शी वाचून दाखवायचा. तो वारल्यावर ते काम इंदूकडे आलं. सकाळी ती त्यांच्या केसचे कागद वाचायची आणि दुपारी स्वतःचा कायद्याचा अभ्यास, तोही मोठ्याने, कारण बापूजींना ऐकायचं असायचं.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. चांद्यात कायदा शिकणारी मुलगी ती एकटीच. लोक तिला समोर इंदुताई म्हणत आणि मागे काय म्हणत ते तिला माहीत होतं.

एका दुपारी ती जुन्या प्रश्नपत्रिकेतल्या एका निबंधाच्या प्रश्नावर अडकली. प्रश्न इंग्रजीत होता. मराठीत केला तर असा काहीसा व्हायचा: 'चुकीच्या समजुतीने केलेले जे कृत्य ती समजूत खरी असती तर गुन्हा ठरले नसते, ते कृत्य, समजूत सद्भावनेने बाळगलेली नव्हती असे दाखवले गेलेले नसताना, गुन्हा नव्हे असे म्हणता येणार नाही असे नाही. चर्चा करा, विशेषतः योग्य ती काळजी घेतली नव्हती असे नसेल त्या परिस्थितीविषयी.'

तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. प्रत्येक वेळी अर्थ उलटा व्हायचा.

"हा पेपर काढणाऱ्याले काय इचारायचं होतं, त्यालेच माहीत नसन," ती म्हणाली.

"त्याले माहीत आहे," बापूजी म्हणाले. "त्यानं लपवून ठेवलं. तू नाही-नाही मोजत बसू नको. आधी त्यात माणूस शोध. कोणी काय केलं?"

"कोणीतरी काहीतरी केलं. चुकीच्या समजुतीनं."

"हं. त्याले काय वाटून राह्यलं होतं?"

"दुसरंच काही. ते खरं असतं तर गुन्हा नसता."

"तसं वाटायले कारण होतं का?"

"सद्भावना म्हणजे तेच ना?"

"अर्धं. कायद्यात नुसत्या भोळेपणाले सद्भावना नाई म्हणत. आपल्याले वाटलं ते खरं आहे का, हे त्यानं पाहिलं का? काळजी घेतली का? हा चौथा प्रश्न. लोकं तिन्हीचं उत्तर लिहितात आणि चौथा सोडून देतात."

इंदूने चार ओळी कागदावर लिहिल्या. प्रश्न एकदम उघडा पडला. त्यात अवघड असं काही उरलंच नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिने उठून चहा ठेवला.

त्याच आठवड्यात बापूजींकडे जंगूची केस उभी राहिली. जंगू अहेरीच्या पलीकडल्या एका टोल्यावरचा, लहानशा वस्तीवरचा, गोंड. वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपीला सरकार वकील देतं, तसे बापूजी त्याला मिळाले होते. आरोप खुनाचा होता. त्याने आपल्या बायकोला, सोमारीला, बाण मारला होता.

घडलं ते असं. आदल्या वर्षीच्या मोहफुलांच्या दिवसांत, फटफटण्याआधी, जंगू आपल्या वाट्याच्या मोहाच्या झाडाकडे निघाला होता. या दिवसांत मोहाखाली अस्वलं येतात. त्याच झाडाखाली त्याच्याही आदल्या वर्षी अस्वलाने त्याच्या धाकट्या भावाचा, मंगरूचा, अर्धा चेहरा ओरबाडून काढला होता. सोमारीला ताप होता. ती आज फुलं वेचायला येत नाही म्हणून रात्री सांगून निजली होती. झाडाखाली काळं, वाकलेलं काहीतरी हलत होतं. जंगूने बाण सोडला. अंगावर काळी घोंगडी घेऊन, त्याच्या आधी उठून, मागच्या वाटेने सोमारी तिथे पोचली होती. त्याने तिला उचलून घरी आणलं. ऊन अंगणात यायच्या आत ती गेली. मग तो स्वतःच पोलिसांकडे चालत गेला.

पण आदल्या दिवशी नवराबायकोचं भांडण झालं होतं. तिला माहेरी जायचं होतं आणि तो जाऊ देत नव्हता. हे टोल्यावरच्या पोचूने साक्षीत सांगितलं, आणि अपघाताच्या जागी खून उभा राहिला.

कोर्टात इंदू बापूजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. जज्जसाहेबांनी तशी परवानगी दिली होती. ती बापूजींचे डोळे म्हणून तिथे होती, तोंड म्हणून नव्हे. मागच्या बाकावर मंगरू बसलेला असे, डोक्याचा पंचा एका गालावर ओढून. तो प्रत्येक तारखेला येत होता.

सरकारी साक्षी संपल्या आणि साहेबांनी आरोपीला प्रश्न विचारायला घेतले. साहेब सागरकडचे, हिंदी बोलणारे. जंगूला गोंडी सोडून थोडंफार मराठी समजायचं. मधे दुभाषा म्हणून बिरजू नावाचा चपराशी उभा केला होता. त्याची गोंडी दुसऱ्या भागातली होती. साहेबांनी कागदावरून एक लांबलचक प्रश्न वाचला. त्याचा मतलब असा: झाडाखाली सोमारीशिवाय दुसरं कोणी असू शकत नाही हे माहीत नसताना बाण मारला, असं तुझं म्हणणं नाही, हे खरं आहे ना?

बिरजू थोडा थांबला. मग त्याने तीन-चार शब्दांत काहीतरी सांगितलं.

"होय," जंगू म्हणाला.

आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांना त्याने होयच म्हटलं होतं. साहेबांनी लिहून घेतलं. इंदूने बापूजींकडे पाहिलं. ते शांत बसले होते.

मधल्या सुट्टीत कोर्टामागच्या कडुलिंबाखाली तिने त्यांना धरून बसवलं.

"बापूजी, तो काय म्हणाला ते तुमाले समजलं का?"

"होय म्हणाला."

"कशाले होय? त्या प्रश्नात तीन नकार होते. होयचा अर्थ असा निघते, का सोमारीच आहे हे त्याले माहीत होतं. त्यानं कबुली दिली."

 बापूजींच्या हातातला पाण्याचा गिलास थोडा कलला आणि धोतरावर पाणी सांडलं. ते त्यांना कळलं नाही.

"मले ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "मी समजलो नाई. आधी समजत असे."

"साहेबांना अर्ज करू. सोपे प्रश्न पुन्हा इचारा म्हणून. ते नाई म्हणणार नाईत."

"इंदू, गुंतलेल्या प्रश्नाले उत्तर दिलं तर पुढं भांडता येते. वरच्या कोर्टात सांगता येते, का त्याले प्रश्नच समजला नाई. सोप्या प्रश्नाचं उत्तर आलं का मग काही करता येत नाई. तो काय सांगन, तुले माहीत आहे का?"

"खरं सांगन."

"तेच म्हणून राह्यलो मी."

"आणि वरच्या कोर्टानं नाई ऐकलं तर? खुनाची कबुली आहे ती."

 जंगूला शिपाई कोठडीत घेऊन गेले होते, बिरजू जेवायला गेला होता. जंगूशी आधी बोलून घेण्याची सोय नव्हती. शेवटी बापूजी म्हणाले, "लिही."

तिने मांडीवर कागद घेऊन लिहिलं. बाण कोणी मारला? झाडाखाली काय आहे असं वाटलं? तसं काऊन वाटलं? चौथ्याजवळ तिची लेखणी थांबली नाही. ते अस्वलच आहे की नाही हे पाहण्यासाठी तू काय केलं? तिने चारही वाचून दाखवले.

"चौथा ठेवायचा?" बापूजींनी विचारलं.

"त्याच्याशिवाय सद्भावना पुरी होत नाई. तुमीच सांगितलं. तो थांबला असन, पाहिलं असन. शिकारी माणूस आहे तो."

बापूजींनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे तिने तेव्हा विचारलं नाही.

साहेब भले होते. त्यांनी अर्ज वाचला, आपला आधीचा प्रश्न पुन्हा वाचला आणि स्वतःशीच मान हलवून म्हणाले की हे बरोबर आहे, हे कोणालाच समजणार नाही. या वेळी त्यांनी बिरजूला एकेक वाक्य तोडून सांगायला लावलं आणि जंगूला मोडक्या मराठीतही विचारलं.

बाण कोणी मारला?

"मीनं."

काय आहे असं वाटलं?

"असोल." साहेबांना बिरजूने अस्वल म्हणून सांगितलं.

काऊन?

जंगू पहिल्यांदाच लांब बोलला. काळं होतं, वाकलं होतं, आमच्याच झाडाखाली होतं. तिथंच मंगरूले धरलं होतं. सोमारी घरी निजून होती. इंदूने मागे वळून पाहिलं. मंगरूने गालावरचा पंचा बाजूला केला होता, म्हणजे साहेबांना दिसावं म्हणून.

मग साहेबांनी चौथा प्रश्न वाचला.

  जंगू सावकाश मराठीत बोलू लागला, बिरजूसाठी थांबलाच नाही.

"मी उभा राह्यलो. ते खोकललं. असोल बी तसंच खोकलते. पन मले वाटलं, सोमारीले बी खोकला हाये. मंग वाटलं, ते त घरी हाये. मंग मारलो."

 साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"आवाज दिला होता का?" त्यांनी आपणहून विचारलं.

"नाई. आवाज देल्लं का असोल अंगावर येते."

"पण सोमारी असावी, असं मनात आलं होतं?"

"आलं होतं," जंगू म्हणाला. "एक बार."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

निकाल दोन दिवसांनी लागला. खुनाचा आरोप टिकला नाही. इतकी सरळ उत्तरं देणारा माणूस जाणूनबुजून मारील असं वाटत नाही, असं साहेबांनी म्हटलं. पण खोकला ऐकून, मनात शंका येऊनही, त्याने खात्री करून घेतली नाही. म्हणून हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल दोन वर्षांची सक्तमजुरी. त्या कलमाखाली यापेक्षा जास्त देता येत नव्हती, आणि साहेबांनी कमीही दिली नाही.

बाररूममध्ये वकिलांनी बापूजींचं अभिनंदन केलं. फाशीच्या वाटेवरचा माणूस दोन वर्षांवर आणला, म्हणाले. एकाने इंदूकडे पाहून, पोरगी वडिलांचं नाव काढणार, असंही म्हटलं. बापूजी हात जोडत होते. टांग्यात बसल्यावर इंदू म्हणाली, "चौथा नसता लिहिला तर सुटला असता का?"

"सांगता येत नाई."

"तुमाले काय वाटते?"

"मले वाटते, सुटला असता," बापूजी म्हणाले. तिच्याशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. 

एप्रिलात ती परीक्षेला गेली. वाटेत माजरी स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. कोळशाच्या वाघिणी शेजारून सरकत होत्या आणि खिडकीतून काळी धूळ पुस्तकावर बसत होती. तिने पुस्तक मिटलं नाही, पण वाचलंही नाही. सोमारी त्या पहाटे काय म्हणून उठली असेल, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. ताप उतरला असेल. किंवा भांडण झालं होतं म्हणून, नवऱ्याच्या आधी जाऊन टोपली भरून ठेवावी, असं वाटलं असेल. हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. खटल्यात त्याची गरज पडली नव्हती.

पेपर तिने भराभर लिहिले. निकालात ती वरच्या नंबरात होती. बापूजींनी गल्लीत पेढे वाटले.

पावसाळा सरता सरता मंगरू एका दुपारी दारात उभा राहिला. तो नदी-नाले उतरत आणि मग मोटारीने आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता. इंदूने त्याला ओसरीवर बसवलं आणि पाणी दिलं. त्याने पाणी पिऊन गिलास उलटा ठेवला.

"भाऊ मेला, बाई," तो म्हणाला. "तिकडंच, जेलात. हगवन लागली होती म्हने. पोलिसानं येऊन सांगतलं. तवापर्यंत तिकडंच माती देऊन झाली होती."

 आतून बापूजींच्या खोकण्याचा आवाज आला आणि थांबला. ते ऐकत असावेत.

"मंगरू," ती म्हणाली, "त्या दिवशी कोर्टात साहेबांनी जे प्रश्न वाचले, ते मी लिहिले होते. शेवटचाही."

मंगरूने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याच्या एकाच बाजूला भाव उमटत, म्हणून त्याला काय वाटलं ते कळणं कठीण होतं.

"त्यानं त खरंच सांगतलं," तो म्हणाला. "आमाले त्यानं पयलेच सांगतलं होतं, खोकल्याचं. सोमारीच्या मायले बी सांगतलं, तिच्या पाया पडून." त्याने पंचाने मान पुसली. "मी त्याच्यासाठी नाई आलो. मले एक इचारा लागते. टोल्यावर लोकं म्हनतात, त्याची सजा बाकी राह्यली. दोन सालाची होती, अर्धी बी नाई झाली. त्याचे दोन लेकरं माह्यापाशी हायेत. ते बाकी सजा कोनाले भोगा लागंल? मले का पोराले? पोरगा लहान हाये. मले असन त मी आत्ताच जातो, धान कापाच्या आधी."

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने नाही म्हणून मान हलवली.

"कोनाले बी नाई का?" मंगरूने पुन्हा विचारलं.

"कोणालेच नाई," ती म्हणाली. "माणूस गेला का सजा संपते. कायद्यात असंच आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

 मग मंगरूने विचारलं की हे साहेबांच्या सहीनं कुठी लिहून भेटंल का, कारण टोल्यावर लोक नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणार नाहीत आणि पोराची आजी रोज रडते. इंदू म्हणाली की साहेबांची सही मिळायला वेळ लागेल, पण बापूजी वकील म्हणून लिहून देतील. ती आत गेली. बापूजी खाटेवर उठून बसले होते आणि हाताने चाचपडत चपला शोधत होते.

"लिही तू," ते म्हणाले. "मी सही करतो. हात कुठं ठेवायचा तेवढं दाखव."

तिने मोठ्या अक्षरात, कोणीही वाचून दाखवू शकेल असं, तीन ओळींत लिहिलं. बापूजींचं बोट धरून कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि त्यांनी तिथे सही केली. मंगरूने तो कागद घडी करून पंचाच्या गाठीत बांधला आणि अहेरीची मोटार किती वाजता सुटते ते विचारलं.