मी चौदावा संदर्भ बोलतोय

किर्गिझस्तानात, बिश्केकच्या एका तंत्रविद्यापीठात कालव्यांवरचा कुठलाही प्रबंध उघडा, शेवटच्या संदर्भयादीत मी भेटेन. एका ओळीचा माझा देह: कासिमबेकोव यांचं पुस्तक, पान सत्त्याऐंशी.

त्या पानावर लिहिलंय की काँक्रीटचं पातळ अस्तर डोंगरातल्या थंडीत तडकतं. माझा जन्म मात्र पुस्तक न उघडताच झाला. इथे तीस संदर्भ नसले तर प्रबंध परत येतो. म्हणून नुर्दिन नावाच्या विद्यार्थ्याने 'पातळ अस्तर थंडीत टिकतं' असं ठोकून दिलं आणि त्यापुढे मला साक्षीला उभं केलं. पुढच्यांनी जुनी फाइल घ्यायची, नाव बदलायचं, यादी तशीच ठेवायची. तेव्हापासून मी इथे अडकलोय. खोटी साक्ष देतोय आणि तोंड उघडायची सोय नाही.

यंदा डोंगराळ नारिनकडची बेगिमाय आली. तिचा प्रबंध तिच्याच गावच्या कालव्यावर, जो दर हिवाळ्यात फुटतो. तिने ग्रंथालयाच्या तळघरात जाऊन चक्क पुस्तक उघडलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ती धावत मार्गदर्शकांकडे, तालांत अगायकडे गेली; अगाय म्हणजे इथले 'सर'. "अगाय, पुस्तकात नेमकं उलटं आहे. सगळं गणित पुन्हा करते."

"परवा तोंडी परीक्षा आहे, पोरी. पुन्हा करायचं तर पुढच्या वर्षी ये."

"मग हा संदर्भ तरी काढते."

"काढ की. मग त्या वाक्याला आधार कुणाचा? तुझ्या आजीचा? समिती पहिला प्रश्न तिथेच विचारेल."

"अगाय, हा आमच्या गावचा कालवा आहे."

"कागदावरचा कालवा कुठे फुटतो? चहा घे, गार होतोय."

गावी तिच्या बापाने पास झाल्याच्या मेजवानीची आमंत्रणंही देऊन टाकली होती. बेगिमायने मला तसंच ठेवलं. मला तिचा राग आला, तिची कीवही आली. तेवढं तळघरात जाऊन पुस्तकाच्या त्या पानात खुणेला बसचं तिकीट ठेवून आली.

ती पास झाली. मग खालच्या वर्गातली आयपेरी आली; ती बेगिमायला एजे, म्हणजे ताई म्हणते. "एजे, तुझी फाइल देतेस?"

"देते. पण चौदावं पुस्तक आधी उघडून बघ. खूण ठेवलीय."

"हो एजे, बघते ना."

आता मी आयपेरीच्या प्रबंधात आहे, त्याच वाक्यापुढे. पुस्तकातलं तिकीट अजून कुणी हलवलेलं नाही. वाचकहो, तुम्ही तरी एकदा तळघरात उतरा. पान सत्त्याऐंशी.