आठशे मीटर

निकोलायसाहेबांनी आपल्या जुन्या छत्रीधारी पलटणीचा इतिहास मराठीत आणायचं काम रोशनीला दिलं, हे उज्वलाला रोशनीच्याच तोंडून कळलं. ओझरच्या विमान कारखान्यात अकरा वर्षं उज्वला साहेबांची दुभाषी होती. आता साहेब रशियात परतलेले, उज्वला निवृत्त झालेली, आणि त्यांनी लिहिलेलं पुस्तक आलं ते तिनंच तयार केलेल्या पोरीच्या पत्त्यावर.

"मॅडम, दुसरी सही तुमचीच हवी," रोशनीनं कागदांचा गठ्ठा आणि दिंडोरीच्या द्राक्षांची पिशवी टेबलावर ठेवली. भाषांतर एकीनं करायचं, आकडे दुसरीनं तपासायचे, दोघींच्या सह्या झाल्या की मगच पान पुढे जायचं, ही कारखान्यातली रीत. "सह्या झाल्या की लगेच छपाई, रविवारी प्रकाशन आहे. देवळालीचे निवृत्त लष्करी अधिकारी येतायत."

"ठेव," उज्वला म्हणाली.

रोशनी गेल्यावर नवऱ्यानं, शेखरनं, विचारलं, "कारलं खाल्ल्यासारखं तोंड का केलंस?"

"द्राक्षं आंबट आहेत."

"पिशवी तर अजून बांधलेली दिसतेय!"

ती कागद पुढ्यात घेऊन वाचू लागली. भाषांतर चांगलं होतं, हेच खुपत होतं. महायुद्ध संपता संपता उभी राहिलेली पलटण. विमानं अपुरी, म्हणून दोरानं बांधलेल्या फुग्याच्या पाळण्यातून उड्या मारणारे जवान. दोनदा बदललेला पलटणीचा क्रमांक आणि कायम राहिलेला झेंडा. प्रत्येक वाक्य आपण असंच लिहिलं असतं, असं तिला वाटत होतं, आणि दर वेळी पान जरा जोरातच उलटलं जात होतं.

बेचाळिसाव्या पानावर ती थांबली. उडीची उंची आठशे मीटर, म्हणजे २,२६५ फूट. आपल्याकडे विमानाची उंची फुटांत सांगतात, म्हणून रोशनीनं फूटही दिले होते. उज्वलानं मनातल्या मनात तीन पूर्णांक अठ्ठावीसनं गुणलं. सव्वीसशे पंचवीसच्या आसपास यायला हवं होतं. पुढे आणखी दोन ठिकाणी तोच आकडा.

तिला बरं वाटलं. भौतिकशास्त्राच्या पदवीधर बाईला वाटू नये इतकं बरं. रविवारी एखादा अधिकारी उठून विचारेल, पोरगी गोंधळेल, साहेबांच्याही कानावर जाईल. तपासणारीची सही थोडीच छापली जाते? तिनं तिन्ही पानांवर सही केली.

सत्तावन्नाव्या पानावर पलटणीतली रीत होती. जवान लांब टेबलावर आपली हवाई छत्री स्वतः घडी करायचा. जोडीदार प्रत्येक घडी तपासायचा. दोघं सह्या करायचे, आणि मग ती छत्री पाठीवर बांधून तो जवान उडी मारायचा.

उज्वलानं चष्मा काढून ठेवला. तिनं नुकतीच कुणाच्या छत्रीवर सही केली होती? रोशनीच्या. तरीही पुढच्या पानासाठी तिनं गठ्ठा उचलला.

गठ्ठ्याच्या तळाशी एक निळी वही होती. उज्वलानं १९९८ साली स्वतः तयार केलेली, शब्दांची आणि मापांची. शिकाऊ असताना नेलेली ती वही रोशनीनं परत केली होती. उज्वलानं मीटर-फुटांचं पान काढलं. तिच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: ८०० – २,२६५.

तिनं त्यातल्या उलट्या पडलेल्या सहा आणि दोनाखाली रेघ ओढली. मग फोन उचलला.

"रोशनी, पान बेचाळीस. आठशे मीटर तू गुणून बघितलेस?"

"बघितले की, मॅडम. सव्वीसशे पंचवीस येत होते."

"मग?"

"पण तुमच्या वहीत दुसरंच होतं. म्हटलं, माझंच चुकत असणार. चारदा गुणलं."

उज्वलानं वही मिटली आणि पुन्हा उघडली.

"मॅडम?"

"वहीत चूक आहे. माझी. तिन्ही ठिकाणी दुरुस्त करतेय. आणि पुस्तकात तसं लिही, मापं माझ्या वहीतली होती, त्यातली एक चुकली होती म्हणून."

"अहो, कशाला? छापण्याआधीच सापडली ना?"

"लिही. नाहीतर मी सह्या काढून घेईन."

फोन ठेवून तिनं तिन्ही पानांवरची आपली सही खोडली, आकडा खोडला, नवा लिहिला आणि त्याखाली पुन्हा सही केली. मग वहीतलाही आकडा दुरुस्त केला.

भाषांतर चांगलं झालंय, हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं. फोन हाताशीच होता. रविवारी सांगू, असं म्हणून तिनं अठ्ठावन्नावं पान पुढे ओढलं.