घेरातला शेवटचा टाका

आमच्या दुकानातून नवरीचा पोशाख कधी पुरा होऊन बाहेर पडत नाही. घेराच्या दुमडीत एक टाका राहू द्यायचा. मग लग्नाच्या सकाळी नवरीच्या घरी जायचं, खोलीचं दार लावायचं आणि पोशाख तिच्या अंगावर असतानाच तो टाका घालायचा. ही सासूबाईंची रीत. लोकांनी तिला हवे ते अर्थ चिकटवले. कुणी म्हणे, पुऱ्या झालेल्या कपड्याला दृष्ट लागते. कुणी म्हणे, त्या टाक्याने नवरा बांधला जातो. एक बाई तर ही चाल हजार वर्षांची आहे असं छातीठोक सांगत होत्या. दुकानाला अजून पन्नास झाली नाहीत.

मला या सगळ्याचा वैताग होता. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात, ते शेपूट आम्ही मुद्दाम राखून ठेवायचो. बरं, एवढा शकुन पाळूनही सासूबाईंनी दोनदा ऐन लग्नाच्या सकाळी पोशाख फाडून ठेवला होता, कमरेपासून खालपर्यंत. दोन्ही लग्नं पुढे ढकलली आणि मग मोडलीच. मी सून म्हणून दुकानात आले तेव्हा गिऱ्हाइकं हसत विचारायची, "फाडणार नाही ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तो टाका घालायला सासूबाई आजवर स्वतःच जायच्या. यंदा त्यांचा खुबा मोडला आणि दुकान माझ्या हातात आलं. पहिलंच लग्न औषधवाल्यांच्या धाकटीचं. मी तिचा पोशाख शेवटच्या टाक्यासकट पुरा केला, इस्त्री केली आणि आदल्या दुपारी घरी पोचवून आले.

लग्नाच्या सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "निघण्याआधी जरा बस माझ्यापाशी. एक सांगायचंय."

"जायचंच नाही, आई. टाका कालच घातला मी."

त्यांनी कप खाली ठेवला. "घातलास? मग तिला विचारणार कोण?"

"काय विचारणार?"

"हे लग्न तुला करायचंय का, ते!"

सासूबाई चिडल्या की भरभर बोलतात. "त्या दिवशी नवरी एकटी सापडते का कुणाला? आई, मावश्या, आत्या, नुसता गराडा. मला विचारायचंय म्हटलं असतं तर उभं केलं असतं का कुणी? शकुन आहे म्हटलं की सगळ्या मुकाट बाहेर जातात."

"आणि ते दोन पोशाख?"

"त्या दोघी नको म्हणाल्या. पोशाख फाटला की दिवस पुढे जातो. तेवढ्यात धीर आला पोरींना, बोलल्या घरात."

इतकी वर्षं मी त्या दोन पोशाखांची लाज बाळगली होती. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. एकदा बाहेर फुटलं असतं, तर कुणी दार लावू दिलं असतं का पुन्हा?"

हे खरंच होतं. लग्न अकराला होतं आणि साडेनऊ वाजले होते. सुई-दोरा घेऊन मी धावतच सुटले.

औषधवाल्यांकडे नवरीभोवती सात-आठ बायका होत्या. "टाका राहिलाय," मी चक्क खोटं बोलले. आत्याबाई हलेनात, तेव्हा "अपशकुन झाला तर मला बोल लावू नका" म्हटलं. मग त्याही गेल्या. दार लावलं, जमिनीवर बसले आणि कालचाच टाका उसवला. मला भीती वाटत होती. ती नको म्हणाली असती तर मीच शिवलेला पोशाख मलाच फाडावा लागणार होता.

"खरं सांग, बाळा. हे लग्न करायचंय ना तुला? नको असेल तर आत्ता बोल. पुढचं मी निस्तरते."

तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "करायचंय, काकू. मीच निवडलाय त्याला." मग म्हणाली, "केस कसे बांधायचे, फोटो कुठे काढायचे, सगळं विचारलं सगळ्यांनी. हे नव्हतं विचारलं कुणी."

मी टाका घातला.

परत आले तेव्हा सासूबाई खिडकीपाशी बटणं निवडत होत्या. आतल्या खोलीत त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, मशीनला तेल देऊन ती चालवून बघत होता.

"काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

त्या मागे टेकल्या. वाटेत आठवलेलं माझ्याच्याने पोटात ठेववेना. "आई, माझा पोशाख तुम्हीच शिवला होतात. दारही लावलं होतंत. सुई हातात धरून बराच वेळ बसलात, मग टाका घातलात, दोरा दाताने तोडलात नि उठलात."

"हो."

"मला नाही विचारलंत."

त्यांनी हातातलं बटण परत डब्यात टाकलं. "माझाच मुलगा होता ना गं. तू नको म्हणालीस तर, म्हणून भ्याले."

आतली मशीन थांबली होती.

"मी हो म्हणाले असते, बहुतेक," मी म्हणाले.

"बहुतेक?"

"विचारलं असतंत तर मलाही नक्की कळलं असतं."