झऱ्याच्या वरची जागा

मी सेप्टिक टँकची कामं करतो. अटलांटाजवळच्या अल्फारेटाच्या उत्तरेला जुनी, मोठ्या प्लॉटची घरं आहेत, त्यांना शहराची गटार नाही. प्रत्येकाच्या मागच्या लॉनखाली एक टाकी पुरलेली असते. ती बसवायची, तपासायची, तुंबली की उपसायची. जॉर्जिया राज्याचं लायसन्स आहे माझ्याकडे. पण इथल्या मराठी मंडळात माझी ओळख करून देताना लोक "हे रत्नाचे मिस्टर" म्हणतात आणि लगेच पुढच्याकडे वळतात. रत्ना, माझी बायको, सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती सांगायला सोपी जाते.

त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे प्रतापने, स्वतः फोन करून मला "एकनाथराव" म्हटलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

प्रतापची मुलगी रुही सतरा वर्षांची, बारावीत. उन्हाळ्यात ती आणि मंडळाची आणखी तेरा पोरं तीन आठवडे इंडोनेशियाला जाऊन आली. एका खेड्यात त्यांनी सहा संडास बांधले. फोटो आम्ही सगळ्यांनी ग्रुपवर पाहिले, अंगठे दाखवले, विषय संपला. आता अटलांटातली एक संस्था त्याच गावात आणखी वीस संडासांना पैसे देणार होती. अट एकच: सांडपाण्याचं लायसन्स असलेल्या माणसाने झालेलं काम तपासून सही करायची.

"फॉर्म शुक्रवारी जायचाय," प्रताप म्हणाला. "संध्याकाळी चहाला ये. पाच मिनिटांचं काम आहे यार."

सहा वाजता गेलो. प्रतापची बायको सुनेत्रा हिने चिवडा पुढे केला. रुहीने लॅपटॉप उघडला. फॉर्म आधीच छापून, भरून ठेवलेला होता, फक्त माझ्या सहीची रेघ मोकळी.

"गावाचं नाव चिपाकेल," रुही सांगायला लागली. "जावाच्या वेस्टला, डोंगरात. पण ते लोक जावानीज नाहीत हं काका, सुंदानीज. जावानीज म्हटलं तर दे गेट ऑफेंडेड. आणि चि म्हणजे पाणी. तिथे अर्ध्या गावांची नावं चि-वरून सुरू होतात."

फोटो सुंदर होते. खोटं का बोलू. डोंगर पायरी पायरीने उतरत आलेला, प्रत्येक पायरीवर भात. काळ्या झावळ्यांच्या छपरांची पस्तीस-चाळीस घरं, बदकं, वाळत घातलेल्या भाताच्या जुड्या. मग आले संडास. निळी दारं आणि प्रत्येक दारावर आपल्या मंडळाचा लोगो. संडासाच्या दारावर लोगो लावायची कल्पना कोणाची, ते मी विचारलं नाही. चिवडा तोंडात होता.

पण पुढच्या फोटोत मला एक बांबूची पन्हळ दिसली. तिच्यातून पाणी पडत होतं आणि दोन बायका कॅन भरत होत्या. त्यांच्या डोक्याच्या वर, उतारावर, झाडीत एक निळं दार.

"हे पाणी कुठून येतं?" मी विचारलं.

"हिलमधून. स्प्रिंग आहे तिथे."

"आणि संडास झऱ्याच्या वर?"

"हो, सगळे सहा, राइट अबव्ह. तिथेच जागा मोकळी होती. बाकी सगळीकडे राइस."

"किती लांब?"

तिने डोळे मिटून आठवलं. "तीस पावलं? पंचवीस?"

"खाली टाकी आहे की नुसता खड्डा?"

"पिट. तळ मोकळा. आम्ही बघितलेल्या व्हिडिओमध्ये तसंच होतं."

मी चिवड्याची बशी बाजूला सरकवली. प्रताप म्हणाला, "बघ एकनाथ, डिटेलमध्ये जाऊ नकोस. तिचा निबंध वाच, म्हणजे तुला बॅकग्राउंड कळेल." कॉलेजच्या अर्जाचा निबंध. तोही इंग्रजीत, तोही त्याने छापून ठेवलेला.

त्यात एक परिच्छेद असा होता की गावकऱ्यांचा एक जुना समज होता, त्या जागेत खणणं 'पामाली' आहे. आम्ही त्यांच्या श्रद्धेचा मान राखून, त्यांना हळूहळू विज्ञानाकडे आणलं. आणि त्या दिवशी नेतृत्व म्हणजे काय ते मी शिकले.

"पामाली म्हणजे काय ग?"

"टाबू. तिथे एक म्हातारे होते, आबाह. म्हणजे आपले आबाच, काका, सेम मीनिंग. ते म्हणाले तिथे खणायचं नाही, झाड तोडायचं नाही, इव्हन शू करायची नाही. का विचारलं तर म्हणाले, पामाली. बस, तेवढंच."

"मग?"

"आमचा कोऑर्डिनेटर म्हणाला, बिलीफ सिस्टिम आहे, एज्युकेट करा. मग आम्ही स्किट केलं. जर्म्सचं. आमच्यातला आर्य जर्म झाला होता."

माझी कानशिलं तापली. सतरा वर्षांच्या पोरीवर आवाज चढवायचा नाही असं मी दोनदा मनात म्हटलं आणि तिसऱ्यांदा चढवला.

"रुही, इथे कोणाच्या विहिरीपासून शंभर फुटांच्या आत मी मैल्याचं पाणी जमिनीत सोडलं, तर काउंटीचा माणूस माझं लायसन्स फाडून माझ्या हातात देईल. त्या शंभर फुटांना इथे कोड म्हणतात. कोडपुढे तुझा बापसुद्धा गप्प बसतो, चार हजार स्क्वेअर फुटांचं घर असलं तरी. त्या म्हाताऱ्याने तीच गोष्ट तुम्हाला एका शब्दात सांगितली. आणि तुम्ही त्याला जंतूचं नाटक दाखवलं?"

"एकनाथदादा, हळू," सुनेत्रा म्हणाली. "मुलीचं वर्ष आहे हे."

"आधी कुठे जात होते लोक?"

रुही आता खाली बघत होती. "गावाच्या बॉटमला. फिश पाँडवर बांबूची केबिन होती. इट वॉज सो ग्रॉस, काका. खाली मासे. आणि ते मासे हे लोक खातात."

"त्या तळ्याचं काय केलं?"

"बुजवलं. ते डे नाइन होतं."

मी त्या तळ्याची आरती ओवाळणार नाही. जंत होतात त्याने, मला माहीत आहे. पण त्या गावाने पाण्याची एक रांग लावलेली होती, आणि ती फोटोंतच दिसत होती, बघणाऱ्याला. आधी झरा, त्याचं पाणी पिण्याला. मग तेच पाणी धुण्याभांड्यांना. मग तळ्यात माशांना, आणि तळ्यातून भाताला. घाण सगळ्यात शेवटी, सगळ्यात खाली. झऱ्याच्या वर काहीच नाही, फक्त झाडं. संडास बांधायचेच होते तर तळ्याशेजारी बांधायचे, गाव नाचलं असतं. ह्या चौदा हुशार पोरांनी, ज्यांतल्या एकानेही आयुष्यात स्वतःच्या घरातला कमोडसुद्धा घासलेला नाही, तो डोंगर उलटा केला. शेपूट डोक्यावर आणलं. आणि वर त्या दाराला आपला लोगो.

"मी ह्यावर सही करणार नाही," मी म्हणालो.

प्रताप हसला. मीटिंगमध्ये हसतात तसा. "अरे, इंडोनेशियात टेप घेऊन कोण जाणार आहे? तू फक्त लिही, डिझाइन ओके. लोकेशन वगैरे तिकडच्या लोकांचं. आणि उघड्यावर जाण्यापेक्षा बरंच आहे ना?"

"उघड्यावर नव्हते जात."

"तुला काय जातंय? तू घाण उपसणारा माणूस, एकदम एन्व्हायरमेंटवाला झालास."

"घाण तुमचीच असते, प्रताप. गेल्या मार्चमध्ये तुझ्या लॉनखालून काय काय निघालं, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही."

सुनेत्राने चहाचा गॅस बंद केला. मला वाटलं रुही रडेल. ती रडली नाही. तिने फोन काढला आणि कोणाचे तरी मेसेज वर-खाली करत बसली. मग माझ्यासमोर धरला.

वीवीन म्हणून मुलगी होती, वीस-एकवीसची. रुही जिच्या घरी राहिली होती, तिथली. हॉटेलच्या कामाचा कोर्स केलेला, म्हणून इंग्रजी येणारी. तिचे मेसेज दहा दिवसांपूर्वीपासूनचे. पाऊस सुरू झाला. पाण्याला वास येतो. माझ्या भावाच्या मुलीला जुलाब. शेजारी दोघांना. तुम्हाला काही माहीत आहे का? रुहीने उत्तरादाखल एक हृदय आणि 'गेट वेल सून' पाठवलं होतं.

"मला वाटलं सीझनल असेल," ती म्हणाली. आणि बापाकडे बघून, "डॅड, मी तुला दाखवलं होतं."

प्रतापने चिवड्याची बशी पुन्हा माझ्याकडे सरकवली. म्हणजे ह्याला माहीत होतं. दहा दिवस माहीत होतं, आणि मला "पाच मिनिटांचं काम आहे यार."

"लाव तिला फोन," मी म्हणालो.

"आत्ता? तिथे सकाळचे साडेपाच असतील."

"गाव आहे ते. उठलेलं असतं."

वीवीनने दुसऱ्या रिंगला उचलला. ती पाण्यालाच आलेली होती, हातात कॅन. मागे पन्हळ, बायकांची रांग, ओलं, राखाडी उजाडलेलं. रुहीला बघून ती हसली आणि आधी आम्ही जेवलो का ते विचारलं. मग मी विचारलं, आजारी किती. तिने बोटं मोजली. अकरा. नऊ लहान. भावाच्या मुलीला खालच्या गावातल्या दवाखान्यात सलाइन लावलंय, कालपासून.

"आबाह कुठे आहेत?"

आबाह ह्या पाण्याला येत नाहीत, ती म्हणाली. संडास बांधल्यापासून नाहीत. पलीकडच्या ओढ्यावर जातात, चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला, ह्या वयात. सगळ्यांना वाटलं, त्यांचं ऐकलं नाही म्हणून रुसलेत. पोरं चिडवायचीसुद्धा. "पण पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? खालच्या सरकारी ऑफिसातून माणूस आला होता. म्हणाला, अमेरिकेतून मुलं आलीत, गावाची लाज काढू नका."

"रुही, म्यूट कर," प्रताप म्हणाला.

तिने केलं.

"ऐका दोघंही. आपण फोनवर एक शब्द बोललो की ती ॲडमिशन होते. चुकीची कबुली. चौदा फॅमिलीज आहेत, ऑर्गनायझेशनचे वकील आहेत. मी उद्या त्यांना ईमेल करतो, ते प्रॉपर चॅनलने सांगतील. वीस नवीन संडास होऊ देत, तेव्हा हे सहा हलवू. विन-विन."

"उद्यापर्यंत ते हे पाणी पिणार," मी म्हणालो.

"तू बाहेरचा आहेस ह्यात, एकनाथ."

"मी सांगू का तिला?" मी रुहीला विचारलं. "की तू सांगतेस? पाहुणी तू होतीस."

स्क्रीनवर वीवीन वाट बघत होती. तिला आमचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. तिच्या मागच्या बाईचा कॅन भरला, तिने तो उचलला.

रुहीने म्यूट काढलं. इंग्रजीत बोलली, छोटी छोटी वाक्यं, पाठ केलेली नव्हती. ते पाणी पिऊ नका. कोणीच नको. आमचे संडास त्यात उतरतायत. आम्ही चुकीच्या जागी बांधले. आबाह बरोबर सांगत होते, आम्ही ऐकलं नाही.

वीवीनचं हसू लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. मग ती वळली आणि रांगेला काहीतरी म्हणाली. कोणी ओरडलं नाही. एका बाईने आपला कॅन तिरका केला, पाणी दगडांवर ओतलं. दुसरीने ओतलं. तिसरी, पोराला पाठीला बांधलेली, भरून निघालेली, तिच्या अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, ती परत आली आणि ओतलं. सुनेत्रा माझ्या खांद्यावरून बघत होती. "बंद कर ग तो फोन," ती म्हणाली, पण हळू.

मी वीवीनला सांगितलं ते लिहून घ्यायला लावलं. संडासांना आजच कुलूप, तोवर गावाच्या खाली नवा खड्डा. खड्ड्यांत पाणी जाऊ नये म्हणून वरून पत्रे, बाजूने चर. लहानांना दवाखान्यात दाखवा आणि तिथे पाण्याचं खरं कारण सांगा, लपवू नका. तिने विचारलं, खड्डे उपसायचे कोणी? गावात असं काम कोणी केलेलं नाही. झरा पुन्हा चांगला होईल का?

"माहीत नाही," मी म्हणालो. "एक पावसाळा लागेल. कदाचित दोन. तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका."

ती म्हणाली, तिला निघायला हवं. ओढ्यावर जाऊन यायचं, शाळेच्या आधी. फोन बंद झाला.

मी फॉर्म ओढला. 'समाधानकारक' वर प्रतापने आधीच टिक करून ठेवली होती. ती खोडली, खालच्या 'धोकादायक' वर केली, आणि शेऱ्याच्या चार ओळींत सगळं लिहिलं: झरा, उतार, अंतर, अकरा माणसं. अंतरापाशी थांबलो. रुही उठली आणि हॉलमधून किचनपर्यंत आणि परत, तीस पावलं चालून दाखवली, तशी, चढावर चालल्यासारखी आखूड. मी टेप लावला. अठ्ठावन्न फूट.

'बांधकाम करणारे' ह्या रकान्यात मंडळाचं नाव छापलेलं होतं. रुहीने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्याखाली आपलं लिहायला लागली.

"अगं, तू कशाला?" सुनेत्रा म्हणाली. "चौदा जण होतात ना?"

"बाकीच्यांना मी विचारेन," रुही म्हणाली, आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं.

मी सही केली, फोटो काढला आणि त्यांच्याच किचनमध्ये उभं राहून संस्थेच्या पत्त्यावर पाठवला. प्रतापने थांबवलं नाही. हात बांधून फ्रिजला टेकून उभा होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "खड्डे अजून तिथेच आहेत. उपसायला माझ्याबरोबर कोण येणार ते ठरव. मी शुक्रवारपासून सुट्टी टाकतोय."