पहिल्या कमानीखालचा ओंडका

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे. माझ्या पाठीला मधोमध खळगा आहे. दोन पिढ्यांनी माझ्यावर मासे कापले, त्याचा तो.

नदीवर दगडी पूल बांधला तेव्हा कमानीचा चुना सुकेपर्यंत खालून आम्हा लाकडांचा टेकू दिला होता. कमान उभी राहिली आणि आम्ही काठावर पडलो. बाजार त्याआधीही होता. माल नावेतून उतरायचा आणि चिखलातच विकला जायचा. पूल झाल्यावर सगळे कमानींच्या सावलीत आले. सावली थोडी, माणसं फार, रोज मारामाऱ्या. शेवटी रीत ठरली, उजाडायच्या आत ज्याचं सामान जागेवर, जागा त्याची. एक दिवस चुकला की गेली.

मला आधी एका मासेवालीच्या सासूने वापरलं, मग त्या मासेवालीने. तिची जीभ सुऱ्यापेक्षा धारदार. कुणी मासा दाबत बसलं की म्हणायची, "बघताय काय एवढं? जावई नाही निवडायचा." संध्याकाळी मला मीठ लावून घासायची आणि खाटेपाशी ठेवायची. पहाटे तिचा नवरा मला खांद्यावरून बाजारात न्यायचा.

मग ती आजारी पडली. नवरा मला जागेवर ठेवून लगेच घरी परतायचा. शेजारचा दोरवाला रोज विचारायचा, "वहिनी बऱ्या आहेत ना?" आणि याची पाठ वळली की मला पायाने वीतभर सरकवायचा. बाकीचे बघून हसायचे. आठवड्याभरात मी कमानीबाहेर उन्हात आलो.

"लाकूड मासे विकतं का रे?" कांदेवालीने नवऱ्याला विचारलं.

तेव्हापासून तो मला परत सावलीत ओढून, मासे नसतानाही दिवसभर माझ्याजवळ बसू लागला.

एका पहाटे खाटेवरून बायकोने त्याचा हात धरला. "आज नका जाऊ."

"जागा जाईल गं. बरी झालीस की बसशील कुठे?"

"आज नका जाऊ."

त्याने हात सोडवला आणि मला खांद्यावर घेतलं.

दहाच्या सुमारास त्याची मेहुणी पुलावरून पळत आली. तिला काही सांगावं लागलं नाही. दोरवाला म्हणाला, "तू जा दादा, जागा मी बघतो."

त्याने बघितलीच. दुसऱ्या दिवशी तिथे त्याचे दोर टांगलेले होते आणि तो माझ्यावर बसून चहा पीत होता. चौथ्या दिवशी नवरा आला तेव्हा तो उठला, एवढंच. म्हणाला, "रीत म्हणजे रीत, दादा."

वर्षभरात बाजारच तिथून उठला. पलीकडच्या काठावर फरशीची नवी इमारत झाली. कमानीखाली आता कुणी बसत नाही. सावली मात्र रोज पडते.

मी आता तिच्या रिकाम्या खाटेपाशी असतो. नवरा मला अजून मीठ लावून घासतो. मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी म्हणतो, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला पावसात टाका, वाळवी लागू द्या, चुलीत घाला. पण घरातल्या माणसाने हात धरून आज जाऊ नका म्हटलं, तर मला खाली ठेवा.