तळाची जाडी

मिस्त्रींनी तो तुकडा बादलीत दाबून धरला आणि हात काढून घेतला. तुकडा टुणकन वर आला आणि पाण्यावर डुलत राहिला. तळहाताएवढाच होता, वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मधे दोन बोटं फोम. मग त्यांनी दुसरा तुकडा सोडला, सबंध फायबरचा, चांगला बोटभर जाड. तो सरळ खाली गेला आणि बादलीच्या बुडाला खट्‌कन वाजला.

"म्हणजे ह्यांची होडी पहिल्यासारखी," धाकटी म्हणाली.

"पहिल्यासारखी बांधलेली," मिस्त्री म्हणाले आणि ओले हात पँटला पुसत राहिले.

धाकटी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ एकटाच शिडाच्या होडीतून लांबच्या सफरीला निघाला होता. सहा दिवसांपूर्वी त्याच्या यंत्राने मदतीची हाक दिली, तासभर देत राहिलं आणि गप्प झालं. तिसऱ्या दिवशी त्याचा फुगवायचा तराफा सापडला, पण डब्यातल्या डब्यात, न उघडलेला. म्हणजे भाऊ जिवंत असलाच, तर उलट्या होडीला धरून, नाहीतर तिच्या पोटात हवा उरली असेल तिथे. काल शोध थांबवला. धाकटी शोधपथकाच्या साहेबांपुढे इतका वेळ बसून राहिली की शेवटी तेच म्हणाले, होडी आतून पूर्ण भरली तरी तरंगत राहते असं बांधणाऱ्याने लेखी दिलं, तर आणखी दोन दिवस विमान पाठवता येईल. मात्र आज चारच्या आत. आणि बांधणारे मिस्त्रीच.

दोघे भाऊ याच शेडमध्ये वाढले, पण होडीचा विषय निघाला की दोघांची तोंडं दोन दिशांना. मिस्त्री बांधायचे ती बायकापोरांसकट महिनोन्‌महिने राहायची होडी. सबंध फायबरची, खडकावर घासली तरी ओरखड्यावर निभावणारी, आणि हलायची म्हटलं तर वाऱ्याला घाम फोडणारी.

"दादा, तुझी म्हैस उठली का आज?" भाऊ विचारायचा.

"तू तुझं अंड्याचं टरफल सांभाळ," मिस्त्री मान वर न करता म्हणायचे.

भावाचं म्हणणं साफ होतं. दोन पातळ थर आणि मधे फोम घातला, की वजन निम्मं होतं आणि ताठपणा वाढतो. होडी लाटांवर आदळली तरी वाकत नाही. मिस्त्रींना ते मान्य होतं. पण पाण्यात एखादा ओंडका टोकाने लागला, तर तो पातळ थर किती टिकणार? लोखंडाला पोचा येतो, लाकूड आधी कुरकुरतं, सबंध फायबर मार खाऊन घेतं. हे शर्यतीच्या होड्यांचं फोमचं काम मात्र शेवटपर्यंत देखणं दिसतं आणि एकदम जातं. असं ते गिऱ्हाइकांनाही ऐकवायचे, भाऊ समोर असला की जरा जास्तच. तरी भावाची होडी त्यांनीच बांधली, त्याच्या नकाशाबरहुकूम. बोलले पुष्कळ, पण नकाशा सोडला नाही.

घोळ झाला तो गेल्या वर्षी. सफरीआधी रंग द्यायला म्हणून भावाने होडी शेडमध्ये आणून ठेवली आणि तो दोन महिने कामासाठी बाहेरगावी गेला. मिस्त्री रंग खरवडायला बसले. खरवडता खरवडता त्यांच्या मनाने घेतलं, की या टरफलात बसून हा एकटा समुद्रावर जाणार. मग हात थांबला नाही. पाण्याखाली राहणाऱ्या भागातला सगळा फोम त्यांनी आतून कापून काढला आणि त्या जागी राळेत भिजवलेल्या काचेच्या कापडाचे, म्हणजे सबंध फायबरचे थर चढवले, एकावर एक, बावीस. वरून रंग दिला. कुणाला काही सांगितलं नाही. काम उरकलं तेव्हा फार दिवसांनी त्यांना बरं वाटलं होतं.

परत आल्यावर भावाने होडी पाण्यात सोडली आणि एक चक्कर मारून आला.

"दादा, जड लागतेय रे."

"रंगाचा एक हात जास्त दिलाय."

भाऊ हसला आणि विषय तिथेच मिटला.

आज सकाळी मिस्त्रींनी एका फळीवर पेन्सिलीने सगळी वजनं मांडली. तळाखालचं शिसं, इंजिन, डोलकाठी, उरलेला फोम. पूर्वीची होडी भरली असती, तरी आणखी ऐंशी किलो पेलून वर राहिली असती. आताची भरली, तर दोनशे किलोंनी बुडते. चार वेळा मांडलं, चारही वेळा तेच आलं. मग त्यांनी फळीवर रंधा फिरवला. उभा जन्म त्यांनी होडी फुटू नये एवढंच पाहिलं होतं. फुटल्यावर तिचं काय, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता कामाच्या टेबलावर जुना नकाशा पसरलेला होता आणि त्याच्याशेजारी कोरा कागद. मिस्त्रींनी ठरवलं होतं, नकाशात आहे तेवढंच लिहायचं. त्यांनी लिहायला घेतलं. सदर होडी मी स्वतः बांधली असून तिच्या सर्व भागांत फोम आहे, त्यामुळे ती आतून पूर्ण भरली तरी तरंगते. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं येत होतं आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

धाकटी खांद्यावरून वाचत होती.

"दादा, एक राहिलं. तुम्ही तळ जाड केलात ना, तेही लिहा. कळू दे त्यांना, किती मजबूत आहे ते."

पेन थांबलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. पहिल्याच दिवशी आतल्या फळ्या उचलून बघितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, मग दादांशी बोलत का नाही? तर म्हणाले, बोललो तर तो सगळं उकरून परत फोम भरेल, आणि मी घरी येईपर्यंत त्याला घास गोड लागणार नाही. राहू दे. मला आता कुठे शर्यत जिंकायचीय."

मिस्त्रींनी पेन खाली ठेवलं. भावाने आयुष्यात त्यांचं एकच ऐकलं होतं, आणि ते हे.

"लिहा ना," धाकटी म्हणाली.

"ते लिहिता येणार नाही."

"का?"

खोटं सांगता आलं असतं. साहेबांना तळाशी काय करायचंय, इतकं म्हटलं असतं तरी तिने ऐकलं असतं.

"मी जो फोम काढला ना, त्याच्यावरच ती तरंगणार होती," ते म्हणाले. "आत पाणी भरलं असेल तर ती गेली खाली. त्या पहिल्या तासातच गेली."

शेडच्या दारातून बाहेरच्या ट्रकचा आवाज येत होता. तो मागे येत होता आणि कुणीतरी त्याला अजून, अजून म्हणत होतं.

"आणि फोम असता तर?"

"उलटी होऊन पडली असती पाण्यावर. विमानातून दिसली असती."

ती स्टुलावर बसली. पदराशी काहीतरी चाळा करत राहिली, मग तेही थांबलं. मिस्त्रींना वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडली तर फार बरं होईल. पण ती उठली आणि टेबलापाशी आली. सुरळी होऊ लागलेला कागद तिने दोन्ही हातांनी सरळ केला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"मग तळाचं नका लिहू."

"अगं, तिथे कुणी नाहीये आता."

"कळलं मला ते." तिचा आवाज तसाच होता, दुकानात सुटे मागावेत तसा. "आईंना सकाळी सांगून आलेय, आज विमान जाईल म्हणून. त्या खिडकीत बसल्यात. दोन दिवस जाऊ दे. मग सांगू."

"मी सांगतो ना आईला. सगळंच सांगतो."

"काय सांगणार? एक मुलगा गेला, आणि तो दुसऱ्याच्या हातून, असं?"

मिस्त्रींनी पेन पुन्हा हातात घेतलं.

"सही करा, दादा. चारला ऑफिस बंद होतं त्यांचं."

त्यांनी सही केली. सहीखाली होडी बांधणारा असं लिहायची पद्धत होती, तेही लिहिलं. शाई वाळायच्या आतच धाकटीने कागद उचलला आणि तो हवेत धरून ती रस्त्याकडे धावत सुटली.