तासातासाचा थेंब

बायजानं केलेली चूक मिठागरवाल्यांनीच करावी अशी. भात झोडताना काडी डोळ्यात गेली, तर बाईनं मिठागरातलं खारं पाणी ओंजळीत घेऊन डोळा खळाखळा धुतला. पायात काच गेली तरी तेच पाणी, विंचू चावला तरी तेच. मग डोळ्यानंच काय घोडं मारलंय? चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरं फूल पडलं आणि बाई ठणक्यानं भिंतीवर डोकं आपटायला लागली.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "जंतू बुबुळ खातायत. ही अँटिबायोटिकची बाटली फ्रिजात ठेवा, दर तासाला एक थेंब. हयगय केलीत तर डोळा काढावा लागेल."

सून कल्पिता कंपनीत रजा टाकून घरी बसली. मोबाइल वाजला की थेंब. गुणाची पोर!

पण त्या दुखऱ्या डोळ्यानं बायजाला भागोजी दिसायला लागला. तिचा नवरा, सहा वर्षांमागं खाडीत बुडालेला; मढंसुद्धा हाती लागलं नव्हतं. अंगणाच्या टोकाला पाठमोरा उभा असायचा. थेंब पडला की पुसट व्हायचा.

एकदा तोंड बघू दे, एवढंच तिचं मागणं. मग बाईनं लबाडी सुरू केली. थेंबाच्या वेळी पापणी गच्च मिटायची, औषध गालावरून उशीत.

"गेला ना आत, आई?"

"व्हय गो, गेला."

दुपारपर्यंत चार थेंब वाया गेले. भागोजी अंगणातून ओटीवर आला, ओटीवरून उंबऱ्यात, आणि वळला. तोंड त्याचंच. अंगावरून पाणी निथळत होतं, पण खाली उंबरा कोरडा ठणठणीत.

"आलात व्हय?" बायजा हरखून उठून बसली.

तो खाटेशी वाकला. खाऱ्या चिखलाचा वास आला. त्यानं गारढोण अंगठा तिच्या चांगल्या डोळ्यावर ठेवला.

"ह्यो पन दे," तो म्हणाला. "मंग मी नीट दिसन."

"कल्पिता! धाव गो! थेंब घाल!"

सून धावत आली. "आई, तास कुठं झालाय अजून?"

"घाल म्हनते ना! सकाळपासनं समदे सांडले मी. खोटं बोलले तुझ्याशी."

बायजानं स्वतःच दोन बोटांनी पापणी फाकली. थेंब पडला, डोळा आगीनं पेटला. भागोजी उंबऱ्यापर्यंत मागं सरला आणि तिथंच थांबून तिच्याकडं बघत राहिला. बत्तीस वर्षांचा संसार. त्याच्यासाठी तिचा जीव तीळतीळ तुटत होता. पण तिनं पापणी सोडली नाही.

"जावा तुमी," ती हुंदके देत म्हणाली. मग सुनेचा हात घट्ट धरला. "अजून एक घाल गो. उंबऱ्यातच हाय त्यो."